प्रश्न तुमचे: विशेष शिक्षण

प्रश्न: मी बी.एस्सी., बी.एड. आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना शिकवायचं आहे. वेगळं प्रशिक्षण लागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: लागेल. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं विशेष शिक्षणाचं बी.एड. करून परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं. १९९२च्या कायद्यात नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला शिक्षा आहे. मान्यता प्रत्येक अक्षमतेसाठी वेगळी असते आणि तिला मुदत असते. तेव्हा महाविद्यालयाचं नाव यादीत दिसलं म्हणून फी भरू नका. तुमचा विषय, म्हणजे बौद्धिक अक्षमता, आणि तुमचं वर्ष त्यात आहे का ते पाहा.

पण खरी कसोटी पाठ घेताना लागते. ‘पैशांचा व्यवहार येईल’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘५० रुपयांच्या आतली वस्तू घेताना न सांगता पुरेसे पैसे देईल, ५ पैकी ४ वेळा’ हे उद्दिष्ट, कारण ते मोजता येतं. वजाबाकी पक्की होईपर्यंत थांबलात तर मुलगा अठरा वर्षांचा होईल आणि दुकान राहूनच जाईल. त्याऐवजी पुढच्या दहाची रीत शिकवा: किंमत ३७ म्हणजे दहाच्या ४ नोटा द्यायच्या, उरलेले परत घ्यायचे. खोट्या नोटा वापरू नका. वर्गात त्या ओळखणारी मुलं गल्ल्यासमोर अडतात. वर्गात खऱ्या नोटांवर सराव घ्या आणि मग दोन-तीन वेगवेगळ्या दुकानांत न्या.

सर्वांत हट्टी चूक म्हणजे तोंडी मदत. ‘हं, मग आता?’ असं आपण सहज म्हणतो आणि मूल त्याचीच वाट पाहू लागतं. ५ सेकंद गप्प राहा. मग बोटानं दाखवा, शब्द शेवटी. प्रत्येक पायरीला कोणती मदत लागली ते तक्त्यात लिहा. सगळीकडे ‘तोंडी’च दिसलं, तर अडचण शिकवण्यात आहे. आणि पंधरा वर्षांच्या मुलापुढे बालवाडीचे ठोकळे ठेवू नका. मोजायचेच असतील तर चमचे, कप मोजू द्या.

प्रश्न: मुलींना पाळीविषयी कधी शिकवावं?
– एक शिक्षिका, अकोला

उत्तर: पाळी सुरू होण्याआधी. बाहुलीवर नको, मुलीच्या मापाच्या निकरवर खरा पॅड लावायला, काढायला, कागदात गुंडाळून टाकायला आणि हात धुवायला शिकवा. डाग ओळखण्यासाठी पॅडवर लाल रंगाचं पाणी घाला. जागा स्वच्छतागृहाचीच, दार लावून. वर्गात शिकवलंत तर ती वर्गातच पॅड बदलू पाहील.