सोळाव्या भागात गोष्ट संपलेली नाही, अर्धीच झालीय

तुमचा धागा वाचला आणि जुनी जखम ठसठसली. तुम्ही लिहिलंय की 'वन स्प्रिंग नाइट' ही कोरियन मालिका सोळा भाग पाहिली, नायिका जंग-इनचं आधीच्या मित्राशी धड तुटलेलं नाही, नायक जी-होशी धड जुळलेलं नाही, आणि पुढचा भागच नाही. म्हणून तुमचा प्रश्न, 'कोरियन प्रेमकथा अशाच लोंबकळत सोडतात का? मग लोक एवढे वेडे का झालेत?'

आधी एक करा. कुठल्याही भागाची लांबी बघा. पस्तीसेक मिनिटं असेल तर तुम्ही सोळा भाग पाहिलेले नाहीत, आठ पाहिलेत. ही मालिका २०१९मध्ये एमबीसीवर ३२ तुकड्यांत दाखवली गेली. तिकडे केबीएस, एमबीसी, एसबीएस या मोठ्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात घ्यायला बंदी होती, केबलवाल्या टीव्हीएन, जेटीबीसीला मात्र मुभा. मग २०१७च्या सुमारास मोठ्यांनी पळवाट काढली. तासाभराचा भाग मधोमध कापायचा, त्याला पहिला आणि दुसरा असे नंबर द्यायचे, आणि दोन 'भागांच्या' मध्ये जाहिरात दाखवायची. एकाच रात्री, लागोपाठ. २०२१च्या जुलैपासून त्यांनाही मधली जाहिरात घ्यायची परवानगी मिळाली आणि हा प्रकार थांबला. पण त्या तीन-चार वर्षांतल्या मालिका कुठे १६ म्हणून नोंदलेल्या सापडतात, कुठे ३२ म्हणून. नेटफ्लिक्सवर हीच मालिका सोळा पूर्ण भागांत होती.

माझ्या बाबतीत हे 'थर्टी बट सेवन्टीन'ला झालं. एसबीएस, २०१८, तीही बत्तीस तुकड्यांचीच. सतराव्या वर्षी अपघातात कोमात गेलेली व्हायोलिन वाजवणारी मुलगी तिशीत जागी होते, तेरा वर्षं गायब. ज्या मुलाच्या मनात तिच्याबद्दल अपराधीपण साठलंय तो तिच्याच घरात राहतोय आणि दोघांनाही एकमेकांची ओळख पटलेली नाही. सगळी गोष्ट त्या ओळख पटण्यावर उभी. आणि मी जिथे पैसे भरून बघत होते तिथे ओळख पटायच्या आधीच मालिका 'समाप्त'. खाली हिरव्या अक्षरांत 'सर्व भाग उपलब्ध'.

ॲपचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. पण त्यांच्या मदतकेंद्राबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिलं उत्तर आलं, 'ॲप काढून पुन्हा टाका.' टाकलं. मग 'इंटरनेटचा वेग तपासा.' अहो, सोळा भाग न अडखळता दिसले, सतरावा नाहीच आहे, त्यात वेगाचा काय संबंध! मी पहिल्या भागाचा स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर ३४ मिनिटं स्पष्ट दिसतायत, आणि लिहिलं की मूळ भाग तासाचा आहे, म्हणजे तुमच्याकडे निम्मी मालिका आहे. त्यावर आलेलं उत्तर मला आजही पाठ आहे: 'ही १६ भागांची मालिका आहे आणि आमच्याकडे १६ भाग आहेत. आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.' पाठोपाठ, आमची सेवा कशी वाटली, किती तारे देता? पुन्हा तक्रार टाकली की नवा नंबर, नवा माणूस, आणि पुन्हा 'ॲप काढून पुन्हा टाका.' पैसे परत मागितले तर वार्षिक वर्गणी परत मिळत नाही. आता त्यांनी निम्मेच हक्क घेतले होते की कोणीतरी फायली चढवताना अर्ध्यावर जेवायला गेलं, मला ठाऊक नाही. पण तिथे बसलेल्या एकानेही ती मालिका उघडून शेवटची दोन मिनिटं पाहिली असती तरी प्रश्न मिटला असता.

म्हणून माझा आगाऊ सल्ला: या प्रकारच्या ॲपची वर्षाची वर्गणी कधीही घेऊ नका. महिन्याची घ्या, ऑटो-रिन्यू त्याच दिवशी बंद करा. आणि मालिका सुरू करण्याआधी मायड्रामालिस्ट या आशियाई मालिकांची माहिती देणाऱ्या साइटवर भागांची संख्या आणि प्रत्येक भागाची लांबी दोन्ही बघा. नुसत्या संख्येवर जाऊ नका.

आता तुमचा खरा प्रश्न. हे माझं मत आहे, मी कोणी समीक्षक नाही, पटलं नाही तर सोडून द्या.

कोरियन प्रेमकथेचं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे तिला शेवट असतो. आपल्याकडे टीआरपी असेपर्यंत लग्न मोडत राहतं, मग पाच वर्षांची लीप, मग हिरविणीसारखी हुबेहूब दिसणारी दुसरी. तिकडे आठवड्याला दोन भाग, आठ आठवडे, खेळ खलास. लेखकाला पहिल्या दिवशी माहीत असतं की कुठे पोचायचंय. म्हणूनच अर्धी पाहून निकाल दिला तर तो सगळ्यात जास्त अन्याय याच प्रकारावर होतो, कारण अर्ध्यापर्यंत फक्त गाठी मारलेल्या असतात.

आणि 'वन स्प्रिंग नाइट'मध्ये गाठी कशा मारल्यात बघा. जंग-इन औषधाच्या दुकानात येते, रात्रीची उतरलेली नाही, औषध पिऊन झाल्यावर कळतं की पाकीटच नाही. दुकानातला जी-हो पैशांचा तगादा लावत नाही, नंतर द्या म्हणतो. एवढंच. कोणी कोणाच्या अंगावर पडत नाही, छत्री उडत नाही. मग हळूहळू अडचण कळते. तो एकटा बाप आहे, लहान मुलगा आहे, आणि त्या समाजात लग्नाशिवाय मूल असलेल्या पुरुषाकडे लोक कसे बघतात हे तो इतकं ओळखून आहे की आधीच मागे सरकून उभा राहतो. तिचा मित्र बँकेत. मित्राचा बाप शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष आणि तिचा बाप त्याच शाळेचा मुख्याध्यापक. म्हणजे मुलीने नातं मोडलं तर बापाची निवृत्तीनंतरची सोय मोडते. हे गणित आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावात जसंच्या तसं बसेल. तिच्या मोठ्या बहिणीचा नवरा डेंटिस्ट, बाहेर प्रतिष्ठित, घरात हात उगारणारा. बाप तिथेही 'सांभाळून घे'च म्हणणार. इथे खलनायक शोधावा लागत नाही, प्रत्येक जण आपापली खुर्ची धरून बसलाय, बस. तुम्ही थांबलात तिथून पुढे या खुर्च्या हलायला लागतात. पुढचं सांगत नाही.

मला डोक्यात जातं ते दुसरंच. चौदाव्या-पंधराव्या भागातला त्याग. दोघांचं छान चाललेलं असतं आणि अचानक एकाला साक्षात्कार होतो की 'तिच्या भल्यासाठी' आपण दूर जायला हवं. तिला विचारायचं नाही, सांगायचं नाही, थंड चेहऱ्याने 'मला आता कंटाळा आलाय' म्हणायचं आणि कोपऱ्यावर जाऊन रडायचं. मग काही महिन्यांची किंवा वर्षांची उडी, परदेश, विमानतळ, शेवटची दहा मिनिटं गोड. 'कॉफी प्रिन्स' २००७ची, माझी अत्यंत लाडकी, पण तिथेही शेवटी हिरविणीला इटलीला धाडलंच. (तिच्याबद्दल मी वाईट ऐकून घेत नाही, तिचं कारण निदान कामाचं तरी होतं.) 'वन स्प्रिंग नाइट'च्याच दिग्दर्शकाची आधीची 'समथिंग इन द रेन' पहिले दहा भाग अप्रतिम आहे, पुढे मी उशी फेकून मारली होती.

यातलं काही जुन्या पद्धतीमुळे आलं असं मला वाटतं. पूर्वी मालिका सुरू असतानाच चित्रीकरण चालायचं. आज रात्री दाखवायचा भाग कधीकधी आदल्या दिवसापर्यंत शूट होत असे, संहिता पानापानाने सेटवर यायची. चालली तर भाग वाढव, पडली तर काप. अशा वेळी लेखकाच्या हाताशी तयार असलेलं हत्यार म्हणजे विस्मृती, अपघात आणि त्याग. २००२च्या 'विंटर सोनाटा'ने तर ही तिन्ही वापरली आणि वर नायक-नायिका भावंडं तर नाहीत ना हीही धास्ती घातली, तरी सगळा जपान रडला. २०१६ची 'डिसेंडंट्स ऑफ द सन' मात्र दाखवण्याआधीच पूर्ण चित्रित केली होती, कारण ती चीनमध्ये एकाच वेळी लावायची होती आणि तिथल्या सेन्सॉरला आधी सगळी मालिका लागते. आता ती सवय बरीच रुळलीय. तरी २०२४च्या 'क्वीन ऑफ टिअर्स'मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया आणि स्मृती जाणं आलंच! घाई हे कारण उरलं नाही, मग सवय म्हणायची, दुसरं काय.

दूर जाणं मुळात वाईट नाही, ते माणसांतून यायला हवं. 'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन'चा शेवट बघून इथे अर्धी जनता अजून धुसफुसते. मला तो पटला. १९९७च्या आर्थिक संकटात बापाचा धंदा बुडालेला मुलगा, तलवारबाजी करणारी शाळकरी मुलगी. पुढे तो पत्रकार होतो, न्यूयॉर्कला जातो, काम त्याला गिळतं, आणि ती वाट बघून थकते. कोणी त्याग करत नाही, कोणाची आठवण जात नाही. थकतात. मी तर त्या मालिकेनंतर दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाही, पण लेखिकेवर राग नव्हता.

बाकी देशांचं थोडक्यात. जपानी मालिका नऊ ते अकरा भागांत आटोपतात, प्रेम बोलून दाखवायला त्यातले आठ जातात. संयम असेल तर २०१६ची 'निगेहाजी' बघा, पगारावर लग्न करणाऱ्या जोडप्याची. चिनी मालिका बऱ्याचदा तीस-चाळीस भागांच्या, आणि पडद्यावरचा आवाज बऱ्याचदा नटाचा नसतोच, डबिंग कलाकाराचा असतो. मला तिथे ओठ आणि आवाज जुळले नाहीत की प्रेमच दिसत नाही. हा माझा दोष समजा. सेकंड लीडच्या, म्हणजे नायिकेवर जीव टाकणाऱ्या पण ती न मिळणाऱ्या दुसऱ्या नायकाच्या, प्रेमात पडू नका, हेही सांगून ठेवते, कोणी ऐकत नाही.

तुमच्यासाठी क्रम: आधी उरलेले सोळा तुकडे दुसरीकडे शोधून सतराव्यापासून पुढे बघा, पुन्हा पहिल्यापासून नको. मग 'रिप्लाय १९८८'. ती टीव्हीएनची, म्हणजे केबलची, त्यामुळे तुकड्यांची भानगड नाही. वीस भाग, दीड-दीड तासाचेही आहेत, रविवार मोकळा ठेवा. नायिकेचा नवरा शेवटी कोण होतो हे आधी गुगल करू नका. आणि त्यातल्या एका दावेदाराच्या, जंग-ह्वानच्या, बाजूच्या मंडळींनी खाली येऊन इथे नवीन माणसाला शेवट सांगितला तर मी मॉडरेटरला कळवणार आहे, गेल्या वेळचं विसरलेले नाही.