अध्यक्ष की सभापती? आणि पीठासीन अधिकारी म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा आलाय की राज्याच्या विधिमंडळातल्या ‘प्रिसायडिंग ऑफिसर’ची कामं सांगणाऱ्या एका इंग्रजी माहितीपत्रकाचं मराठी करायचंय. त्यात स्पीकर, डेप्युटी स्पीकर, चेअरमन, पॅनलवरचे चेअरपर्सन असे शब्द आहेत आणि एका वाक्यात नुसतंच ‘द चेअर’ आहे. महाराष्ट्राच्या बातम्यांत विधानसभेचा ‘अध्यक्ष’ दिसतो, गोव्याच्या बातम्यांत त्याच पदाला ‘सभापती’, मग बरोबर कुठलं?

दोन्ही बरोबर आहेत, पण आपापल्या जागी. महाराष्ट्रात दोन सभागृहं आहेत. २८८ आमदारांच्या विधानसभेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, ७८ जणांच्या विधानपरिषदेत सभापती आणि उपसभापती. ही वाटणी कुणा संपादकाच्या आवडीची नाही, संविधानाच्या मराठी प्रतीतच अनुच्छेद १७८ मध्ये विधानसभेला अध्यक्ष आणि १८२ मध्ये विधानपरिषदेला सभापती आहे. त्यामुळे महाराष्ट्राबद्दल लिहिताना ‘विधानसभेचे सभापती’ लिहिलं की वाचणारा थबकतो, हा माणूस खालच्या सभागृहातला की वरच्या? आणि ‘विधिमंडळाचे अध्यक्ष’ असं जे काही जण लिहितात ते तर पदच नाही, विधिमंडळ म्हणजे दोन्ही सभागृहं मिळून, आणि प्रत्येकाचा प्रमुख वेगळा.

गोव्यात ४० आमदारांचं एकच सभागृह, विधानपरिषद नाहीच, त्यामुळे दोन पदांत गोंधळ व्हायचा प्रश्नच येत नाही. तिथं सभापती हाच शब्द रुळलाय, उपसभापतीही तसाच. १९६३ साली गोवा, दमण आणि दीवची पहिली विधानसभा आली तिचे सभापती पां. पु. शिरोडकर, त्यांना ‘माजी अध्यक्ष’ लिहिलं तर गोव्यातल्या माणसाला ते परकं वाटेल. तेव्हा पत्रक कुठल्या राज्याचं आहे ते आधी बघा आणि तिथला शब्द ठेवा.

लोकसभेचं मात्र मला खटकतं. ‘लोकसभेच्या सभापती सुमित्रा महाजन’ असं मराठीत सर्रास लिहिलं गेलं, मनोहर जोशींच्या वेळीही लिहिलं जायचं. अर्थ कळतो, पण सभापती राज्यसभेला आहेत, आणि ते उपराष्ट्रपती असतात. शेजारी शेजारी दोन बातम्या असल्या आणि दोन्हीत सभापती असले की वाचकानं काय समजायचं? लोकसभेला अध्यक्षच लिहावं.

खेड्यापाड्यात सभापती या शब्दाचं वजन आणखी वेगळं आहे. ‘सभापती साहेब आलेत’ म्हटलं की डोळ्यासमोर पंचायत समितीचा सभापती येतो, नाहीतर बाजार समितीचा. तो बैठक चालवतो आणि कारभारही बघतो, म्हणजे लोक त्याच्याकडे रस्ता, पाणी, घरकुल असली कामं घेऊन जातात. विधानपरिषदेचा सभापती तसा नसतो, त्याच्याकडे कुठलं खातं नाही, शासनाची योजना तो मंजूर करत नाही. तीच गत ‘अध्यक्ष’ची, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, पक्षाचा प्रदेशाध्यक्ष, साखर कारखान्याचा अध्यक्ष हे सगळे कारभारी. विधानसभेचा अध्यक्ष कारभारी नाही, तो सभागृह चालवतो. पत्रक शाळेतल्या मुलांसाठी वगैरे असेल तर हे एक वाक्य घालाच, कारण आपल्याकडे शब्द तोच आणि काम निराळं असल्यानं मुलं हमखास चुकतात.

आता ‘पीठासीन अधिकारी’. पीठावर आसीन, म्हणजे आसनावर बसलेला. हे एका पदाचं नाव नाही, ज्या ज्या पदावरचा माणूस सभागृह चालवतो त्या सगळ्यांचं मिळून एक नाव आहे. देशभरातल्या विधिमंडळांच्या अध्यक्ष-सभापतींची परिषद भरते ना, १९२१ मध्ये सिमल्याला पहिली झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये ८४ वी मुंबईत झाली, तिचं नाव ‘अखिल भारतीय पीठासीन अधिकारी परिषद’. तेव्हा ‘प्रिसायडिंग ऑफिसर’ला हाच शब्द. फक्त एक सांभाळा, निवडणुकीत मतदान केंद्रावर जो प्रिसायडिंग ऑफिसर असतो त्याला हिंदीत पीठासीन अधिकारी म्हणतात, आपल्याकडे तो ‘मतदान केंद्राध्यक्ष’. हिंदीवरून उचलून केलेल्या भाषांतरांत ही चूक फार दिसते.

शब्द दोन्ही जुनेच आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अध्यक्ष म्हणजे खात्यावर देखरेख करणारा अंमलदार, सीताध्यक्ष शेतीवर, शुल्काध्यक्ष जकातीवर. आणि सभापती तर आपल्याकडे रुद्र म्हणताना रोज कानावर पडतो, ‘नमः सभाभ्यः सभापतिभ्यश्च’. म्हणजे मूळ अर्थ बघितला तर सभा चालवणाऱ्याला सभापती जास्त शोभतो असं मलाही वाटतं, पण ठरलेली वाटणी मोडण्याएवढं ते कारण नाही. इंग्रजीतसुद्धा हे शब्द हललेत. १९१९ च्या कायद्याखाली कौन्सिलच्या प्रमुखाला प्रेसिडेंट म्हणायचे, विठ्ठलभाई पटेल १९२५ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाचे झाले ते प्रेसिडेंटच. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात दोन सभागृहं आली तेव्हा असेंब्लीचे दादासाहेब मावळंकर स्पीकर आणि कौन्सिलचे मंगलदास पक्वासा प्रेसिडेंट. १९५० नंतर वरच्या सभागृहाचा प्रमुख चेअरमन झाला. त्यामुळे जुना मजकूर मराठीत आणताना त्या प्रेसिडेंटला ‘राष्ट्रपती’ करू नका, मी हे छापलेलं पाहिलंय म्हणून सांगतो.

कामांचं म्हणाल तर दोन्ही सभागृहांत बरंचसं सारखंच. कुणाला बोलायला द्यायचं, किती वेळ द्यायचा, लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी) घ्यायची की नाही, हरकतीचा मुद्दा उचित आहे का, कुठले शब्द कामकाजातून काढायचे, गोंधळ हाताबाहेर गेला तर काय, हे सगळं आसनावर बसलेल्याच्या हातात. तो सुरुवातीला मत देत नाही, दोन्ही बाजूंची मतं सारखी पडली तरच देतो, त्याला ‘निर्णायक मत’ म्हणायचं. गणपूर्तीही, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, त्यालाच बघावी लागते, किमान १० सदस्य किंवा एकूण संख्येचा दहावा हिस्सा, यातलं जे जास्त असेल ते, म्हणजे आपल्या विधानसभेत २९ आणि परिषदेत १०. फरक कुठं आहे तर विधेयक ‘धन विधेयक’, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशांबद्दलचं, आहे की नाही हे विधानसभेचा अध्यक्षच ठरवतो, सभापतीला तो अधिकार नाही. १९८५ पासून पक्षांतराच्या अपात्रतेचा निर्णय मात्र आपापल्या सभागृहापुरता दोघांकडेही आला.

इथं एक क्रियापद नीट वापरा. पीठासीन अधिकारी सभागृह ‘तहकूब’ करतो, पंधरा मिनिटांसाठी, दिवसभरासाठी. अधिवेशन ‘संस्थगित’ करतात, म्हणजे ते अधिवेशनच संपवतात, ते राज्यपाल, आणि विधानसभा ‘विसर्जित’ होते तीही राज्यपालांच्या आदेशानं. ‘अध्यक्षांनी अधिवेशन संस्थगित केले’ हे वाक्य चुकीचं आहे, तीन शब्दांची कामं तीन वेगळी आहेत.

खरी कसोटी लागते ती मुख्य माणूस आसनावर नसतो तेव्हा. ४ फेब्रुवारी २०२१ ला नाना पटोले यांनी विधानसभा अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, तो राज्यपालांकडे नाही, उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे, कारण संविधानात तसंच आहे, अध्यक्ष राजीनामा उपाध्यक्षाकडे देतो आणि उपाध्यक्ष अध्यक्षाकडे. (लगेच पटोले काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले, म्हणजे त्या आठवड्यात नुसतं ‘अध्यक्षपद’ लिहिलेल्या बातम्या वाचणं किती अवघड गेलं असेल बघा.) पुढं ३ जुलै २०२२ ला राहुल नार्वेकर निवडून येईपर्यंत अध्यक्षांची कामं झिरवाळांनी पार पाडली. या काळात त्यांना ‘प्रभारी अध्यक्ष’ किंवा ‘हंगामी अध्यक्ष’ लिहिलेलं दिसतं. दोन्ही नको. ते उपाध्यक्षच होते, पद रिकामं असताना उपाध्यक्षानं काम बघायचं ही त्या पदाचीच जबाबदारी आहे. परिषदेतही तेच, जुलै २०२२ मध्ये सभापतिपद रिकामं झालं ते डिसेंबर २०२४ मध्ये राम शिंदे येईपर्यंत, आणि तोवर नीलम गोऱ्हे उपसभापती म्हणूनच सभागृह चालवत होत्या.

‘हंगामी अध्यक्ष’ हा शब्द ‘प्रोटेम स्पीकर’साठी राखून ठेवा. नवी विधानसभा आली की आमदारांना शपथ द्यायला आणि अध्यक्ष निवडून होईपर्यंत राज्यपाल एका सदस्याला नेमतात, बहुधा ज्येष्ठाला. २०१९ मध्ये आणि परत डिसेंबर २०२४ मध्ये कालिदास कोळंबकर होते. त्यांचं काम दोन-तीन दिवसांचं.

पॅनलवरच्यांना ‘तालिका अध्यक्ष’, परिषदेत ‘तालिका सभापती’. तालिका म्हणजे यादी, अधिवेशनाच्या सुरुवातीला काही सदस्यांची नावं जाहीर होतात, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघंही सभागृहात नसतील तेव्हा त्यांच्यातला एक आसनावर बसतो. आणि बसला की तेवढ्या वेळापुरते त्याला सभागृह चालवण्याचे सगळे अधिकार असतात, हे लोकांना पटत नाही. ५ जुलै २०२१ आठवा, भाजपचे १२ आमदार एक वर्षासाठी निलंबित झाले तेव्हा आसनावर तालिका अध्यक्ष म्हणून भास्कर जाधव होते. निलंबनाचा ठराव सभागृहानं मंजूर केला, आणि सुप्रीम कोर्टानं २८ जानेवारी २०२२ ला तो रद्द केला कारण निलंबन त्या अधिवेशनापलीकडं जात होतं. आता याचं वर्णन ‘अध्यक्षांनी १२ आमदारांना निलंबित केले’ असं केलं तर एका वाक्यात दोन चुका होतात, अध्यक्षपद तेव्हा रिकामं होतं आणि निलंबन सभागृहाच्या ठरावानं झालं. म्हणून मी या शब्दांबद्दल इतका आग्रह धरतो, जबाबदारी कुणाची हे शब्दावरूनच कळतं.

तसंच ‘अविश्वास ठराव’. अविश्वास मंत्रिमंडळावर असतो. अध्यक्ष किंवा सभापतीच्या बाबतीत तो ‘पदावरून दूर करण्याचा ठराव’, १४ दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि हजर असलेल्यांचं बहुमत पुरत नाही, त्या वेळच्या सगळ्या सदस्यांचं बहुमत लागतं. मार्च २०१५ मध्ये विधानपरिषदेचे सभापती शिवाजीराव देशमुख अशाच ठरावानं पायउतार झाले, पेपरांत मात्र बहुतेक ठिकाणी अविश्वास ठराव. बोलताना चालेल, माहितीपत्रकात नको.

संबोधन विचारलं नव्हतं तरी उपयोगी पडेल. जुन्या कामकाजात ‘अध्यक्ष महाराज’ असायचं, आता ‘अध्यक्ष महोदय’, ‘सभापती महोदय’, आणि आसनावर बाई असतील तर ‘महोदया’. पदाचं नाव बदलायची गरज नाही, उपसभापती बाई असोत की पुरुष, उपसभापतीच.

राहिलं ‘द चेअर’. तुमचं वाक्य आहे की सदस्यांनी नेहमी चेअरला उद्देशून बोलावं आणि चेअरचा निर्णय अंतिम मानावा. ‘खुर्ची’ करू नका, मराठीत खुर्ची म्हटलं की सत्ता, खुर्चीचा मोह वगैरे मनात येतं. सदस्य बोलताना सरळ ‘चेअर’ म्हणतात, पण लिहिताना पहिल्या ठिकाणी ‘अध्यक्षांना उद्देशून’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘पीठासीन अधिकाऱ्यांचा निर्णय’ करा, कारण तो निर्णय तालिका अध्यक्षानं दिलेला असला तरी तेवढाच लागू असतो. मान-अपमानाचा विषय असेल तिथं ‘आसन’ छान बसतं, ‘आसनाचा अवमान’, सभागृहातही तसंच म्हणतात.