म्युनिकच्या ऑफिसात रडू आलं तर

तू विचारलंस, "ताई, तिथे ऑफिसात राग आला, रडू आलं तर चालतं का, की सगळं गिळायचं?" ब्लू कार्डाची, म्हणजे जर्मनीत राहून नोकरी करण्याच्या परवान्याची, कागदपत्रं वकिलातीच्या साइटवर आहेत, ती तू वाचशीलच. या प्रश्नाने मात्र मला रात्रभर झोप लागली नाही.

ऐरोलीच्या ऑफिसात आपल्याला सांगावं लागायचंच नाही गं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येताना चेहरा उतरलेला दिसला की कुणीतरी खाली टपरीवर न्यायचं, हातात कटिंग द्यायचं आणि विचारायचं, "घरी काय झालं?" इथे आपण होऊन बोलल्याशिवाय कुणी विचारत नाही. माणसं कोरडी नाहीत, पण दुसऱ्याच्या खासगी गोष्टीत शिरणं त्यांना बरं वाटत नाही.

बाबा गेले ते जानेवारीत. भावाचा फोन पहाटे साडेचारला आला, ठाण्यात तेव्हा नऊ वाजले होते. विमान दुसऱ्या दिवशीचं मिळालं, म्हणून मी ऑफिसला गेले. मीटिंगमध्ये कामाचा आढावा दिला, कुणी "कशी आहेस?" विचारलं तर "आलेस गुट" म्हणाले, म्हणजे सगळं छान. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. घरगुती कारण लिहून माझ्याच शिल्लक रजेतून रजा घेतली. आई-वडील गेले तर इथे बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवसांची वेगळी पगारी रजा मिळते. बॉसला नंतर कळलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला का नाही सांगितलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये भीतीने गप्प बसले होते, पुढे तीच सवय झाली.

"घरी दुःख आहे, आज माझं लक्ष लागणार नाही." एवढं वाक्य जर्मनमध्ये पाठ करून ये. राग आला तर आवाज न चढवता "हे मला लागलं" म्हण, ऐकून घेतात. मन खचलं तर डॉक्टरांकडे जा. आजारपणाच्या दाखल्यातून कंपनीला फक्त तारखा कळतात, आजार कळत नाही.

एकटेपणा येतो, त्याची सवय होते.

शाळेची गोष्ट मात्र अजून सलते. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीतच ठरतं मूल कुठल्या शाळेत जाणार ते. गिम्नाझियमसाठी, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेसाठी, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी 2.33 किंवा त्याहून कमी लागते, कारण इथे 1 म्हणजे सर्वांत उत्तम. माझ्या लेकीची 2.66 आली, जर्मनमुळे. बाई शांतपणे सांगत होत्या आणि मी ऑफिसातल्यासारखीच हसून मान हलवत होते. "मला हे पटत नाही, काही मार्ग आहे का?" एवढं विचारलं असतं तर तीन दिवसांच्या प्रोबेउंटररिश्टबद्दल, म्हणजे चाचणी वर्गाबद्दल, तेव्हाच कळलं असतं. कळलं ते मुदत टळल्यावर. लेक रेआलशूलेत, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या पातळीच्या शाळेत गेली, तिथे ती चांगली रमली आहे. पण त्या खुर्चीत मी गप्प का बसले, हे तिला अजून सांगू शकलेले नाही.

तुझा मुलगा कितवीत आहे ते कळव. तिसरीत असेल तर आधी त्याबद्दल बोलू, फोनवर.