लेकीला आजीकडं ठेवून जाऊ का?

पत्र: मिस्टर वाळूजच्या कंपनीत मशीन डिझाइनला आहेत. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीची ऑफर आलीय, जानेवारीत जॉइन व्हायचंय. मुलगी आठवीत आहे, सेमी इंग्रजीला. वर्गात पहिल्या तिघांत असते, शाळेच्या खो-खो टीममध्ये आहे, डॉक्टर व्हायचंय म्हणते. सासूबाई उदगीरजवळ गावी असतात. त्या म्हणायल्यात, "लेकरू आमच्याजवळ राहू द्या, दहावी झाली की न्या." मिस्टर म्हणतात, दोन वर्षं जाऊन बघू, नाही जमलं तर परत. मी अनुदानित शाळेवर शिक्षिका आहे. माझं काय, मी सोडीन. मुलीला विचारलं तर काही बोलत नाही. काय करावं?
– एक आई, छत्रपती संभाजीनगर

ताई,

तुमचं पत्र तीन पानांचं होतं, इथं मोजकंच दिलंय.

आधी सासूबाईंचं बघू. त्यांच्या बोलण्यात माया आहे, पण हिशेब चुकतोय. दहावीनंतर न्यायचं म्हणजे सोळा वर्षांची पोर, जर्मनचा गंध नसताना, तिथल्या वरच्या वर्गात नेऊन बसवायची. तेराव्या वर्षी जे अवघड आहे ते सोळाव्या वर्षी कितीतरी जड जातं. लेकरं मागं ठेवून जाणं आपल्या मराठवाड्याला नवं नाही. दसरा सरला की केज-धारूरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि पोरं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. त्या आयांना दुसरा इलाज नसतो. तुम्हाला आहे. तेव्हा गेलात तर लेकीला घेऊन जा. यात माझ्या मनात शंका नाही.

खरा घोळ मिस्टरांच्या वाक्यात आहे. दोन वर्षांनी परत यायचं म्हटलं तर मुलगी ऐन दहावीच्या वयाची असेल. मराठीतला इतिहास-भूगोल सुटलेला, इकडचा अभ्यासक्रम पुढं गेलेला. त्यात तिला डॉक्टर व्हायचंय. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, अपवाद थोडेच. सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान दोघांनी मिळून वाचा. दहावी तिकडं झाली, की लातूरला कितीही चांगला क्लास लावला तरी हा दरवाजा जवळजवळ बंदच.

दुसरीकडं, ऑफर ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या तिथल्या परवान्यावर असेल (इंजिनिअरची बहुधा असते) तर २७ महिन्यांनी कायमच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, आणि मिस्टरांचं जर्मन बी-१, म्हणजे मधल्या पातळीचं झालं तर २१ महिन्यांतच. म्हणजे दोन वर्षं होत आली की समोर हे गाजर लटकत असणार. तेव्हा 'चला परत' कोण म्हणणार आहे?

म्हणून मुदत दोन वर्षांची नको, एकाच वर्षाची ठेवा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लेकीचं मन लागलं नाही तर परत. इथं नववीत बसेल, एक वर्ष वाया गेलं असं शेजारीपाजारी म्हणतील, म्हणू द्या. दहावी-बारावी तरी इथली होईल. आणि वर्ष निभावलं, तर मग तिची शाळा पूर्ण होईपर्यंत परतीचा विषय काढायचा नाही. तिच्यासमोर तर नाहीच.

तिथल्या शाळेचं थोडं सांगते, कारण मिस्टरांनी फक्त 'फी नाही' एवढंच सांगितलेलं दिसतंय. सरकारी शाळेला फी नाही हे खरं. पण शाळेत घालणं सक्तीचं आहे, घरी बसवून इकडचा अभ्यास करून घेऊ म्हणाल तर चालत नाही. नव्यानं आलेल्या मुलांना आधी भाषेच्या तयारीवर्गात बसवतात. शिवाय चौथीनंतर तिकडं मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात. गिम्नासियम विद्यापीठाकडं नेतं, रेआलशूले दहावीपर्यंतची. तुमची मुलगी भाषेमुळं आधी रेआलशूलेत गेली तर घाबरू नका, चांगले गुण असले की पुढं गिम्नासियमच्या वर्गांत जाता येतं. डॉक्टरकीचा रस्ता तिथंही आहे, पण त्यांच्या बारावीला, म्हणजे अबिटूरला, गुण भरपूर लागतात.

मिस्टरांनी जानेवारीत पुढं जाऊन आधी घर बघावं. भाड्याचं घर मिळायला तिकडं वेळ लागतो आणि घराचा पत्ता पक्का झाल्याशिवाय शाळा ठरवता येत नाही. तुम्ही दोघी इथली वार्षिक परीक्षा उरकून मे महिन्यात निघा. तिकडची उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटी लागते. त्याआधी सहा-आठ आठवडे वर्गात बसली, चार चेहरे ओळखीचे झाले, की सप्टेंबरात शाळेत पाय टाकणं इतकं जड जात नाही. आतापासून रोज संध्याकाळी तासभर जर्मन लावा. दोघींनी, एकाच टेबलावर.

तरी पहिलं वर्ष वाईट जाईल, हे धरून चला. वर्गात हात वर करणारी पोर वर्षभर मुकी होऊन बसेल. गणितात येत असूनही शब्दांचं उदाहरण कळणार नाही. त्या दिवसांत 'तुझ्यासाठीच आलो ना आपण' हे वाक्य तोंडातून काढू नका. तिच्यासाठी नाही चाललात तुम्ही. खो-खो तिथं मिळणार नाही, पण हँडबॉलचे क्लब गावोगाव असतात. पळणाऱ्या पोरीला भाषा नंतर लागते.

आणि ती बोलत नाही त्याचं. "जायचं का?" असं विचारलंत ना? तेरा वर्षांच्या मुलीनं याला काय उत्तर द्यावं? हो म्हटलं तर आजी दुखावते, नाही म्हटलं तर बाबा. निर्णय तिच्या गळ्यात घालू नका. काय सुटल्याचं जास्त वाईट वाटेल, तेवढं विचारा. स्कूटीवर मागं बसलेली असताना विचारा, समोर बसवून नको.

आता तुमचं. तीन पानांत तुमच्या नोकरीला एक ओळ मिळाली, "माझं काय, मी सोडीन." ताई, तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढल्याचं तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलंय. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला तिथं नोकरीची मुभा असते, पण बी.एड. थेट चालत नाही. शिक्षक व्हायला पदवीची मान्यता आणि अस्खलित जर्मन लागतं. म्हणजे काही वर्षं तुम्ही घरीच असाल, हे मिस्टरांना स्पष्ट कळू द्या. त्यांच्या ऑफरवरचा आकडा ब्रुटो आहे, हातात पडतो तो नेटो, आणि मध्ये कर-विम्यात मोठा लचका जातो. त्या नेटोतून घरभाडं वजा करा, तुमचा इथला पगार वजा करा, मग काय उरतं ते दोघांनी कागदावर मांडा. उरलेल्यातून दरमहा ठरावीक रक्कम तुमच्या एकटीच्या खात्यावर जावी. हे मागायला लाजू नका.

राजीनामा मात्र आत्ता लिहू नका. संस्थेकडं वर्षभराच्या बिनपगारी रजेचा लेखी अर्ज द्या. नियमात किती बसते ते मुख्याध्यापकांना तोंडी विचारून भागणार नाही, उत्तर लेखीच मागा. नकार आला तर तो हातात घेऊन मिस्टरांशी बोला, त्यांनाही दिसू दे काय पणाला लागलंय. अर्जाची पोच मात्र शिक्क्यानिशी घ्या.