खुंटाचा गुलाब की हिमालयातला कुंजा?

प्रश्न : आमच्या बागेत रोपवाटिकेतून आणलेल्या लाल गुलाबाच्या कलमाला बुंध्यापासून लांब, जवळजवळ बिनकाट्यांच्या फांद्या फुटल्या आणि त्यांवर पांढऱ्या एकेरी फुलांचे घोस आले. शेजारी म्हणतात, हा हिमालयातला कुंजा आहे. हे खरे मानावे का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपल्या वर्णनावरून तो कुंजा नसून, ज्या खुंटावर, म्हणजे मुळे असलेल्या खालच्या रोपावर, लाल गुलाबाचा डोळा (अंकुर) भरलेला आहे तो रोझा मल्टिफ्लोरा या जातीचा गुलाब असावा. शेजाऱ्यांचा गोंधळ मात्र समजण्यासारखा आहे, कारण कुंजा, म्हणजे रोझा ब्रुनोनी, आणि मल्टिफ्लोरा या एकाच गटातल्या जाती असून दोहोंची फुले पांढरी, पाच पाकळ्यांची व घोसाने येणारी असतात, आणि फुलाच्या मधोमध सर्व कुक्षिवृंत (स्त्रीकेसरांचे बारीक दांडे) एकत्र जुळून त्यांचा एक बारीक स्तंभ झालेला असतो.

खात्री करायची तर फूल बाजूला ठेवून पानाचा देठ पाहावा. देठ फांदीला मिळतो तेथे त्याच्या दोन्ही कडांना चिकटलेली उपपर्णे, म्हणजे पानासारखी छोटी पाती, असतात. मल्टिफ्लोरात ती कंगव्याच्या दातांसारखी खोलवर चिरलेली दिसतात, तर ब्रुनोनीत ती अरुंद असून त्यांना असे दाते नसतात. ही एक खूण पटली की बाकीच्या खुणा केवळ दुजोऱ्यापुरत्या. ब्रुनोनीच्या पर्णिका (एका पानातली छोटी पाने) लांबट, खाली झुकलेल्या व निळसर-करड्या छटेच्या असतात, आणि त्याचे फूल 3 ते 5 सेंटीमीटरचे, म्हणजे मल्टिफ्लोराच्या साधारण 2 सेंटीमीटरच्या फुलापेक्षा बरेच मोठे असते. काट्यांवर मात्र विसंबू नये, कारण खुंटासाठी बिनकाट्यांचा मल्टिफ्लोरा मुद्दाम निवडून वाढवला जातो.

मल्टिफ्लोरा मूळचा चीन, कोरिया व जपानचा. अमेरिकेत 1930च्या दशकात सरकारनेच त्याच्या जिवंत कुंपणाचा पुरस्कार केला आणि पुढे अनेक राज्यांना तो तण म्हणून जाहीर करावा लागला. ब्रुनोनी हिमालयात साधारण 1200 ते 2400 मीटर उंचीवर झाडांवर चढत जातो. नाशिकच्या उन्हाळ्यात तो हौसेने लावण्यात फारसा अर्थ आहे, असे मला वाटत नाही.

आपल्या कलमाचे म्हणाल, तर हे फुटवे ठेवल्यास खुंट जोर धरील आणि लाल गुलाब मागे पडत जाईल. बुंध्याजवळची माती बाजूला करून प्रत्येक फुटवा जेथून निघाला आहे तेथूनच ओढून काढावा. वरून छाटल्यास खाली उरलेल्या डोळ्यांतून तो पुन्हा फुटतो.