चौथीतला मुलगा अभ्यासाला बसतच नाही. धाक, बक्षीस, सगळं करून झालं. आता काय करू?

ताई, मी कोपरखैरण्यात घरीच शिकवण्या घेते, चौदा वर्षं झाली. 'बसतच नाही' ही तक्रार दर जूनमध्ये कानावर येते, पण हल्ली मी ती लगेच खरी मानत नाही.

त्याला कारण माझ्याकडचा एक मुलगा, चौथीतलाच. गणितात शाब्दिक उदाहरण आलं की त्याला तहान लागायची, शू लागायची, पेन्सिलीचं टोक मोडायचं. मी दोन महिने त्याच्याकडून भागाकार घोटून घेतला. एकदा सहज उदाहरण मीच मोठ्याने वाचलं, तर पठ्ठ्याने बसल्या जागी तोंडी उत्तर दिलं! भागाकार त्याला येतच होता. अडत होतं ते वाचन. 'प्रत्येकी', 'शिल्लक', 'विद्यार्थ्यांना', जोडाक्षर दिसलं की गाडी थांबायची. चारचौघांत ते उघडं पडण्यापेक्षा आळशी म्हणवून घेणं त्याला सोपं वाटत होतं. चौथीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत, त्यामुळे असं काही राहून गेलं तरी खपून जातं. दोन महिने माझ्याही लक्षात आलं नाही, ही लाज वेगळीच.

मग पुस्तक बाजूला ठेवलं. रोज दहा मिनिटं त्याला रस्त्यावर न्यायचं आणि दुकानांच्या पाट्या वाचायला लावायच्या. 'ज्वेलर्स', 'इलेक्ट्रिकल्स', 'स्वीट मार्ट'. मराठी पाट्यांच्या सक्तीचा मला झालेला हा एकमेव फायदा, पण इतकी जोडाक्षरं कुठल्या धड्यात एकत्र सापडणार? दिवाळीपर्यंत तो उदाहरणं आपली आपण वाचू लागला. अक्षर अजून भयंकरच आहे.

बक्षिसाचं म्हणाल, तर मीही खोडरबर, स्टिकर वाटून पाहिले. आठवड्याभरात पोरं दारातच विचारायची, "बाई, आज काय?" 1973 साली अमेरिकेत लहान मुलांवर एक प्रयोग झाला होता. चित्रं काढायची आवड असलेल्या काही मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं, त्यांची आवड मात्र टिकून राहिली. तुमच्या मुलाला मुळात आवडच नाही, म्हणजे हे त्याला जसंच्या तसं लागू नाही. तरीही 'हे केलंस तर ते देईन' हा सौदा मी बंद केला. आता कधीतरी न सांगता वडापाव आणते.

आज एवढंच करा. त्याचं तिसरीचं मराठीचं पुस्तक काढा, चौथीचं नको. एक पान मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही कणीक मळत ऐका. अडखळला तर सांगून टाका, ओरडू नका. कुठे अडला ते नंतर, तो खेळायला गेला की, कागदावर उतरवा. तीन-चार दिवसांनी तो कागद बघून इथेच लिहा.