सहा महिने नुसत्या रेघाच?

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत तिला 'अ' श्रेणी मिळाली. सहा महिने सुलेखनाच्या क्लासला जातेय, पण सर अजून रेघा आणि 'क', 'ग' यांच्या पुढे सरकत नाहीत. घरी येऊन रडते, 'मला जमतच नाही' म्हणते. यात करिअर आहे का, की वेळ वाया जातोय? – एक पालक, सातारा

सप्रेम नमस्कार.

'मला जमतच नाही' ही तुमच्या पत्रातली ओळ मी दोनदा वाचली. सहा महिन्यांपूर्वी ती असं म्हणायची का? बहुतेक नसेल. तेव्हा तिला स्वतःचं अक्षर छानच वाटत असणार. आता चूक दिसायला लागलीय. डोळा आधी तयार होतो, हात मागून येतो. क्लास सोडणारी मुलं मी पाहिली ती बहुतेक याच टप्प्यावर, आणि दरवेळी वाईट वाटतं.

तिच्या वहीतला 'क' जवळून बघा. मधला दंड, म्हणजे उभी रेघ, वर जाड आणि खाली बारीक झालाय का? बोरूचं, म्हणजे सुलेखनाच्या लेखणीचं, टोक तिरपं कापलेलं असतं. रेघ ओढताना मनगट जरा फिरलं की कोन बदलतो आणि जाडीही बदलते. हे समजावून सुधारत नाही, मनगटाला वळण लागावं लागतं. अक्षराची उंचीसुद्धा टोकाच्या रुंदीवरूनच मोजतात. रेघ हुकली की सगळं माप हुकलं. तिचे सर घाई करत नाहीत, याचा मला आनंद वाटतो.

करिअर आहे. कॉम्प्युटरवरचा 'मंगल' फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी मुळात सुलेखनकार. इंग्रजीत लहान-मोठी मिळून 52 अक्षरं. देवनागरीच्या फॉन्टला मात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो आकार काढावे लागतात. तिथे मुरलेला हातच लागतो. 'मुक्त', 'बालू' हे फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने केलेत. शिवाय मुखपृष्ठं, बोधचिन्हं, शीर्षकं आहेतच. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी घेता येते. डिझाइनकडे जायचं तर 'यूसीड' ही परीक्षा आहे, कोणत्याही शाखेतून देता येते. पैशाचं खरं सांगतो : सुरुवातीची काही वर्षं ओढाताणीची जातात. तेवढी तयारी घरच्यांनी ठेवावी.

सध्या दहावी सांभाळून रोज अर्धा तास पुरे. रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा ते बरं. प्रत्येक पानावर तारीख घालायला सांगा आणि जुनी पानं रद्दीत देऊ नका. पहिल्या आठवड्यातला एखादा 'क' सापडला तर आजच्या 'क'शेजारी ठेवून तिला दाखवा, तुम्ही काही बोलू नका. आणि बोरू स्वतः कापायला शिकवाल का, असं सरांना जरूर विचारा.